मेहरूणचे बोर : खानदेशचे ऊन, सामाईक सावली आणि विसरलेली फळे (धागा)

जळगाव म्हटले की केळी आठवते, सोन्याची बाजारपेठ आठवते, भरताचे वांगे आठवते. केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण या शहराने आणखी एका फळाला आपल्या एका गावाचे नाव दिले होते. ते म्हणजे मेहरूणचे बोर. उद्यानविद्येच्या पुस्तकांत बोराच्या जातींची यादी पाहिली तर उमराण, कडाका, छुहारा यांच्या जोडीला ‘मेहरूण’ हे नाव हमखास सापडते.

ज्या मेहरूणवरून हे नाव पडले, ते गाव आज जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. तलाव आहे, हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षीही उतरतात. बोरींच्या मळ्यांच्या जागी मात्र प्लॉट पडले, कॉलन्या उभ्या राहिल्या. जातीचे नाव पुस्तकात शिल्लक आणि झाडे बिनशेतीच्या नकाशाखाली, अशी ही स्थिती आहे. एका फळाची ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. तिच्यात खानदेशच्या उन्हाचा इतिहास गुंतलेला आहे.

आधी ऊन. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री आणि मधे तापीचे खोरे, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. समुद्राचा गारवा सह्याद्रीपलीकडेच अडतो. चैत्र-वैशाखात जळगाव, भुसावळ, धुळे येथे पारा आठवडेच्या आठवडे चाळिशीच्या वर राहतो आणि काही दिवस पंचेचाळीसही ओलांडतो.

हवामान खात्याच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वाढले असेल, तर उष्णतेची लाट मानतात. ४५ अंशांना मात्र सरासरी न पाहताच लाट म्हणतात. या व्याख्येची एक गंमत खानदेशात कळते. जिथे सरासरीच चाळिशीपार असते, तिथे ४३ अंशांचा दिवस कागदावर ‘नेहमीचा’ ठरू शकतो. खळ्यावर राबणाऱ्या शरीराला ही सरासरी ठाऊक नसते.

खानदेशचे ऊन कोरडे असते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. म्हणून इथे मातीचा माठ कोकणातल्या माठापेक्षा गार होतो. याच नियमाने घाम शरीराला थंड ठेवतो. पण तो अंगावर दिसण्याआधीच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले याचा अंदाज माणसाला येत नाही. तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. या प्रदेशातल्या बहुतेक जुन्या चालीरीती ही अदृश्य गळती भरून काढण्याच्या आहेत.

घरापासून सुरुवात करता येईल. खानदेशची जुनी घरे धाब्याची असत. जाडजूड मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर अंथरलेली काटक्या-पाल्याची बैठक आणि तिच्यावर खारवट पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसाचे ऊन आत पोचायला रात्र उजाडे, तोवर घरातली माणसे धाब्यावर जाऊन निजलेली असत. साहेबांच्या बंगल्यांत हेच काम वाळ्याच्या ओल्या ताट्या आणि पंखा ओढणारा माणूस करत असे. फरक एवढाच की तिथे एकाच्या गारव्यासाठी दुसऱ्याने व्हरांड्यात घाम गाळावा लागे. धाब्यांची जागा सिमेंटच्या स्लॅबने आणि पत्र्याने घेतली, तेव्हा पावसाळ्यातली गळती थांबली, हा मोठा दिलासा होता. पण उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली भट्टी झाली. धाबे दरवर्षी मातीने सारवावे लागे, हे कष्ट विसरून त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

कामाचे वेळापत्रकही उन्हाने ठरवले होते. पहाटे शेतात जायचे, ऊन चढले की झाडाखाली न्याहारी करायची, दुपार सावलीत काढायची. डोक्याला पांढरा रुमाल किंवा उपरणे, पायात जाड वहाण, खिशात कांदा. यातल्या खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही, याला शास्त्रीय आधार नाही. भाकरीबरोबर पोटात गेलेल्या कांद्याचा थोडाफार उपयोग तरी होतो. त्यामागच्या दुपारच्या विश्रांतीचा उपयोग मात्र निर्विवाद आहे, आणि नेमकी तीच गोष्ट सर्वांत आधी सुटली.

कैरीचे पन्हे हे त्यातले सर्वांत शहाणे औषध. गूळ आणि मीठ एकत्र का, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. आतड्यात साखरेच्या सोबतीने मीठ आणि त्यामागोमाग पाणी अधिक चांगले शोषले जाते. याच तत्त्वावर जलसंजीवनी तयार झाली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत तिने असंख्य जीव वाचवले. पन्ह्यात प्रमाण मोजलेले नसते, त्यामुळे ते जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही. रोजच्या उन्हासाठी पन्हे ठीक आहे. माणूस बरळू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे. अशा वेळी तोंडात पाणी ओतायचे नाही. सावलीत नेऊन कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची.

खानदेशचा सर्वांत मोठा सण दिवाळी की आखाजी, असा प्रश्न विचारला तर सासुरवाशिणी आखाजीकडेच कौल देतील. अक्षय्य तृतीया म्हणजे ऐन वैशाखाचा चटका. या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात. पाण्याने भरलेल्या मातीच्या घागरीवर लहान भांडे, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, सोबत आंबे आणि सांजोऱ्या. घरात खापरावरचे मांडे आणि आमरस. मेलेल्यांनाही या महिन्यात तहान लागत असेल, ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्याने उन्हाळा किती जवळून पाहिला असेल!

त्या घागरीवरचे डांगर येई नदीतून. तापी, गिरणा, पांझरा यांचे पाणी ओसरले की पात्रातल्या वाळूत खड्डे करून, खत घालून डांगर, टरबूज, काकडीच्या वाड्या लावत. पात्राच्या त्या जमिनीला कायमचा मालक नसे. दर पावसाळ्यात नदी ती पुसून टाके आणि हिवाळ्यात पुन्हा वाटून देई. जमीन नसलेल्या भोई-कोळी कुटुंबांना या वाड्यांचा मोठा आधार होता. पुढे गिरणा धरण १९६९ मध्ये, तापीवरचे हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. कालव्यांनी शेते भिजली, केळीचे मळे वाढले. पात्रातला ओलावा मात्र बेभरवशाचा झाला, आणि उरलेली वाळू ट्रॅक्टरमधून बांधकामावर निघाली. डांगर आजही आखाजीला मिळते. ते बहुधा शेतातून, मल्चिंगच्या कागदावरून आलेले असते.

आता झाडे. खानदेशच्या रानात उन्हाळ्यातच पिकणारी फळे बरीच आहेत. टेंभुर्णी, चारोळी, रायण म्हणजे खिरणी, करवंद, बेल. मृगाच्या तोंडावर जांभूळ. चैत्रात मोहाची फुले पडतात. शेतात काही नसते, कोठारातले धान्य तळाला जाते, नेमक्या त्या महिन्यांत ही झाडे देतात. बांधावरच्या आंब्याला मालक असे. रानातल्या बोरी, जांभळींना सहसा कोणी मालकी सांगत नसे. खाली पडलेले फळ वेचणाऱ्याचे, हा अलिखित कायदा होता. ‘सामुदायिक बाग’ हा शब्द तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता, पण व्यवहार त्याच जातीचा होता.

मात्र ही सावली सर्वांची नव्हती. ज्या गावात अस्पृश्य मानलेल्या माणसाला विहिरीवर चढता येत नसे, तिथे मे महिन्यातली तहान जातीने वाटलेली होती. पाणपोईवर वरून ओंजळीत पाणी ओतले जाई. महाडचा १९२७ चा सत्याग्रह मार्चमध्ये झाला, उन्हाळा तोंडावर आलेला असताना. जुन्या सामाईकपणाबद्दल लिहिताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही.

धुळे जिल्ह्यातील फडपद्धतीतही ही दुहेरी बाजू दिसते. पांझरा आणि तिच्या आसपासच्या नद्यांवर छोटे बंधारे घालून पाटाने पाणी फिरवण्याची ही व्यवस्था सुमारे तीन-चारशे वर्षे जुनी मानली जाते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. ऊस यंदा या फडात असेल तर पुढे दुसऱ्यात. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असेल तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे शेतकरी बसून ठरवत, आणि पाट साफ करायला प्रत्येकाने हात लावायचा. टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यायची, हे या पद्धतीचे खरे मर्म. अर्थात वाटा जमीन असलेल्यालाच. एकाच पिकाच्या शिस्तीमुळे फळझाडाला जागा साहजिकच फडाबाहेर, बांधावर, विहिरीकाठी, गावठाणात.

१८१८ नंतर इंग्रजी अंमल आला आणि जमिनीची मोजणी सुरू झाली. १८५२ मध्ये यावल, सावदा, एरंडोल या भागातील शेतकऱ्यांनी मोजणीविरुद्ध मोठा दंगा केला. सरकारला फौज आणावी लागली. त्यांचा राग मुख्यतः सारावाढीच्या भीतीचा होता. पण मोजणीच्या दगडांनी आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक तुकड्याला एक नंबर आणि एक मालक मिळाला. १८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि पडीक रानाचा नांगराखाली जाण्याचा वेग वाढला. १८७८ च्या वन कायद्याने सातपुड्यातली आणि पश्चिमेची जंगले राखीव होऊ लागली. एका बाजूने शेत आणि दुसऱ्या बाजूने सरकारी जंगल यांच्या मधे ‘सर्वांचे रान’ चिरडले गेले.

त्याची किंमत १८९९-१९०० मध्ये दिसली. विक्रम संवत १९५६, म्हणून ‘छप्पनचा दुष्काळ’. त्या उन्हाळ्यात माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि पोटाला मिळेल ते वेचत होती. १९०२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर एक टिपण प्रसिद्ध केले. आज ज्यांना ‘रानमेवा’ म्हणून कौतुकाने टोपलीत मांडतात, त्यांतल्या कितीतरी वनस्पतींची नोंद उपासमारीच्या कागदात झाली. कदाचित म्हणूनच पुढच्या पिढ्यांनी ही फळे आनंदाने विसरली. गरिबीची आठवण कोणी बागेत लावत नाही.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रात रोजगार हमी योजना विस्तारली. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ मध्ये तो लागू झाला. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते ही कामे बहुतेक उन्हाळ्यातच निघत, कारण शेतीची कामे तेव्हा नसतात. म्हणजे राज्यातली सर्वांत गरीब माणसे सर्वांत कडक महिन्यांत उघड्या माळावर माती उपसत. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांती आणि प्रथमोपचार पेटी यांची तरतूद झाली. उष्णतेपासून कामगाराचे रक्षण हा हक्क आहे, दया नव्हे, हे कायद्याच्या भाषेत उतरले. शहरांनी हा विचार उशिरा केला. २०१० च्या मेमधील जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि मग इतर शहरांनी तो वाट म्हणून धरला.

बोराची गोष्ट इथे पुन्हा रोजगार हमीला येऊन मिळते. १९९० मध्ये राज्याने फळबाग लागवड या योजनेशी जोडली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या कोरडवाहू जमिनीवर आंबा, बोर, सीताफळ, डाळिंब लावायला शंभर टक्के अनुदान मिळू लागले. महाराष्ट्रातील फळबागांचे क्षेत्र त्यानंतर झपाट्याने वाढले, हे या योजनेचे निःसंशय यश. पण सरकारी लागवडीला एकसारखी, भरपूर कलमे लागतात. बोरात ती जागा प्रामुख्याने उमराणने घेतली. फळ मोठे, टिकाऊ, गाडीने लांब जाणारे. नंतर ‘ॲपल बोर’ आले. सफरचंदाएवढे, देखणे, पाणीदार. पातळ सालीचे स्थानिक बोर बाजाराच्या या शर्यतीत मागे पडले. चवीने ते हरले असे म्हणणारा माणूस जळगावात शोधावा लागेल.

रानातल्या फळांवर वेगळे संकट आले. टेंभुर्णीचे पान विडीला लागते. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार राज्याच्या ताब्यात गेला. चांगली कोवळी पाने मिळावीत म्हणून झुडपे छाटतात, आणि सतत छाटलेल्या झुडपाला फळ धरत नाही. चारोळीचे उलटे. तिचे बी इतके महाग की दुसऱ्याने नेण्याआधी फळे कच्चीच ओरबाडली जातात, मग रुजायला बी उरत नाही. मोहफुलांकडे सरकारने कायम दारूच्या नजरेने पाहिले. ती वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये शिथिल केले.

याला एक उत्तर धुळे जिल्ह्यातच उभे राहिले. साक्री तालुक्यातील बारीपाडा. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला या आदिवासी पाड्याभोवतीचे डोंगर उघडे पडले होते. पाण्यासाठी पायपीट होती. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी केली, राखणीच्या पाळ्या लावल्या, झाड तोडणाऱ्याला दंड ठरवला, चर खोदले. सुमारे अकराशे एकर जंगल पुन्हा वाढले आणि विहिरींना पाणी आले. २००४ पासून तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. पाड्यातल्या बाया रानातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात आणि त्यांची नावे, गुण सांगतात. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वनस्पतीचे नाव जिभेवर राहिले तर ती वनस्पती रानात राहते, एवढे साधे गणित त्या स्पर्धेमागे आहे. बारीपाड्याने जुना काळ परत आणला असे मात्र नाही. नियम नवे होते, बैठकीत ठरलेले होते आणि दंडही खरा होता.

मेहरूणच्या बोराचा प्रश्न जंगलापेक्षा अवघड आहे. जंगलाला कुऱ्हाडीपासून वाचवले की ते बियांवर वाढते. बोराच्या चांगल्या जातीचे तसे नाही. मेहरूणच्या बोराची आठोळी पेरली तर येणारे झाड मेहरूणचे असेलच असे नाही. परागीभवनात गुण मिसळतात. जात टिकते ती डोळा भरूनच, म्हणजे जुन्या झाडाची जिवंत डोळ्याची फांदी मिळाली तरच. प्लॉट पाडताना तोडलेले प्रत्येक जुने झाड एका ग्रंथाची शेवटची प्रत असू शकते.

झाड स्वतः मात्र या प्रदेशासाठीच घडल्यासारखे आहे. सोटमूळ खोल जाते. पानाच्या खालच्या बाजूला पांढुरकी लव असते, ती बाष्प अडवते. ऐन उन्हाळ्यात बोर पाने गाळून झोपी जाते, पावसाळ्यात जागी होते, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास फुलते आणि पौष-माघात फळ देते. संक्रांतीच्या सुगडात, लहान मुलांच्या बोरन्हाणात बोर येते ते म्हणूनच. म्हणजे उन्हाळ्यात हे झाड सावलीही धड देत नाही! उन्हाळ्यासाठी ते वाळवून ठेवायचे. शाळेबाहेर विकत मिळणारे आंबट-गोड बोरकूट ते हेच. त्याच खोऱ्यातल्या केळीशी तुलना करावी. तिला बारा महिने पाणी लागते, मेच्या उष्ण वाऱ्याने पाने फाटतात म्हणून बागेभोवती वाराबंद कुंपण करावे लागते, आणि यावल-रावेरमध्ये विहिरी-बोअरची पातळी वर्षानुवर्षे खाली गेली आहे. केळीने जिल्ह्याला पैसा दिला, हे खरेच. पण शहरातल्या मोकळ्या जागेवर, शाळेच्या किंवा मंदिराच्या आवारात, जिथे उन्हाळाभर टँकरने पाणी घालायला कोणी नाही, तिथे केळ जगणार नाही, बोर जगेल.

कामही फार नाही. रानबोराच्या आठोळ्या जिथे झाड हवे तिथेच खड्ड्यात लावायच्या, कारण सोटमूळ दुखावलेले बोरीला सोसत नाही. पहिले दोन उन्हाळे शेजारी मातीचे मडके पुरून, तळाला बारीक भोक पाडून आणि त्यात वात घालून पाणी झिरपू द्यायचे. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की पावसाळ्यात त्यावर जुन्या मेहरूण झाडाचा डोळा भरायचा, आणि डोळ्याखालून फुटणारे रानबोराचे फुटवे वेळोवेळी काढत राहायचे. तिसऱ्या वर्षाच्या आसपास पहिली फळे येतात. त्यासाठी आधी शहरात उरलेली जुनी झाडे कुठे आहेत, याचा नकाशा तेवढा हवा.